सत्तावीस फुटांचं धुराडं

१

धुराड्याचं काम हाती घेतलं की शालिग्राम पहिला अर्धा तास काही करतच नसे. खालच्या तोंडापाशी बैठक मारायची, विडी पेटवायची आणि तिचा धूर कुणीकडं जायला बघतो ते न्याहाळत बसायचं, एवढंच. गिऱ्हाइकाला वाटे, मिस्त्री कामचुकार दिसतो. पण धुराचं मन कळलं की निम्मं काम झालं, असं त्याचं म्हणणं, आणि मलकापुरातल्या हलवायांच्या भट्ट्यांपासून कापसाच्या जिनांतल्या इंजिनांपर्यंत त्यानं बसवलेलं एकही धुराडं उलटं ओकलं नव्हतं.

हिंमतरावांच्या बंगल्यात मात्र त्याला ती विडी ओढायला मिळाली नाही.

महाराष्ट्र होऊन अकरा वर्षं झाली होती. जळगाव जामोदमध्ये अजून घरोघरी चुलीवर पाणी तापे, पण हिंमतराव कापसाचे व्यापारी, हौशी माणूस. गावातला पहिला रेडिओ त्यांचा, पहिला गॅसही त्यांचाच. कापूस कंपनीच्या कुण्या गोऱ्या साहेबानं बांधलेला बंगला त्यांनी घेतला, त्याच्या न्हाणीघरात लाकडं जाळायचं जुनं धुराडं होतं. त्यालाच त्यांनी गॅसचा बंब जोडला. नव्याचे नऊ दिवस सरले आणि बंब तोंडावर जाळ फेकू लागला. आता मुंबईहून दुसरा आला होता, लाकडी खोक्यातून.

आणि घाई होती. हिंमतरावांची लेक पंचफुला तिसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिली दोन लेकरं महिन्याचीही झाली नव्हती. हे तिसरं नऊ दिवसांचं होतं आणि अख्खं घर त्याच्या श्वासाकडं कान लावून बसलं होतं. बाळ-बाळंतिणीला दोन वेळा कढत पाणी हवं. अंगणात तीन दगडांवर हंडे चढवून गडीमाणसं मेटाकुटीला आली होती.

"शालिग्रामभाऊ, तुमी आत नोका येऊ," सुभद्राबाईंनी, हिंमतरावांच्या बायकोनं, ओट्यावरूनच सांगितलं. "सोयर हाये. न्हाणीघर बाळंतिणीच्या खोलीले लागूनच हाये. तुमी वरून करा काय करायचं थे. खाली गोजरबाई पाह्यल."

गोजरबाई म्हणजे सुईण. वय सत्तरीला टेकलेलं, जीभ विशीतली.

"वरून तं वरून," शालिग्राम म्हणाला. "पण वयनी, एक सांगतो. नुसता बंब बदलून भागत नाई. धुराडं हाये दीड फूट रुंद, अन् या बंबाचा धूर एवढासा. एवढ्या मोठ्या जागेत थो गारठते अन् खाली बसते. आतून पत्र्याची नळी सोडा लागते, पार वरपर्यंत."

"सोडा मंग. माह्या नातवाले काई होऊ नोका देऊ म्हंजे झालं."

"माह्या घरीबी सून आठव्या महिन्यात हाये, वयनी. मले समजते."

एवढं बोलून त्यानं बाहेरून भिंतीला दोरी लावून उंची मोजली. एकवीस फूट. तीन-तीन फुटांचे सात तुकडे. त्यानं बसच्या टपावरून दहा आणले होते. एवढे दहा कशाला, असं कंडक्टरनं विचारलं होतं. सवय म्हणून, असं तो म्हणाला होता.

२

शालिग्रामचा बाप पेवं उघडायच्या कामातला. जमिनीतलं ज्वारीचं पेव वर्षानं उघडलं की आधी दोरीनं दिवा सोडायचा. दिवा जगला तर माणूस उतरायचा, विझला तर नाही. बापानं हा नेम चाळीस वर्षं पाळला आणि एका दुपारी घाईत मोडला. त्याला वर काढलं तेव्हा शालिग्राम बारा वर्षांचा होता. तेव्हापासून दिवा उतरवल्याशिवाय तो पोकळ जागेत हातसुद्धा घालत नसे. दुधानं तोंड पोळलेला माणूस, ताकही फुंकूनच पिणार.

छतावर थंडी झोंबत होती. सातपुड्याकडून येणारा वारा कानात शिरत होता आणि आभाळ सकाळपासून राखेसारखं. त्यानं भोकं पाडलेल्या डब्यात पणती ठेवली, तेल घातलं दोन चमचे, कारण खाली-वर जायला तेवढं पुरे आणि तेल स्वतःच्या घरचं. दोरीला दर तीन फुटांवर गाठ होती. एक एक गाठ तो सोडत गेला. सातवी गाठ कठड्याला लागली आणि दोरी ढिली पडली. टेकला.

"गोजरबाई, दिसला काय दिवा?"

खालून, धुराड्याच्या पोटातून, तिचा आवाज आला. "कायचा दिवा? मी तं कवाची वाकून राह्यली, मान मोडली माही. सोड ना बे!"

"सोडला हाये!"

"मंग माह्या डोस्क्यावर आला असंल!"

म्हणजे आत कुठंतरी कट्टा असणार. साहेब लोकांच्या धुराड्यांना असतो तसा आडवा खण, पावसाचं पाणी अडायला. शालिग्रामनं वाकून पाहिलं. खोल तळाशी दिव्याचा पिवळा ठिपका होता. हलत नव्हता, फडफडत नव्हता. हवा चांगली होती. त्याला बरं वाटलं.

दिवा वर ओढला आणि फुंकर घालायला पणती हातात घेतली, तर मनगटावर गरम तेल सांडलं. पणती काठोकाठ भरलेली होती.

 त्यानं तेलाची बाटली उजेडाला धरून पाहिली. बाटलीत किती होतं ते त्यानं आधी कुठं पाहिलं होतं? थंडीनं हात बधिर झाले होते, जास्त ओतलं गेलं असेल. जळलेलं तेल पुन्हा येत नाही, हे काय शाळेत जाऊन शिकायला हवं? आपणच ओतलं, दुसरं कोण ओतणार.

बोटाला लागलेलं तेल त्यानं पायजम्याला पुसलं. त्याच्या घरी जवसाचं तेल होतं. हे तिळाचं होतं.

३

कट्टा आहे म्हणजे त्यावर कचराही असणार. पारव्यांची घरटी, काजळी, मेलेलं काहीबाही. शालिग्रामनं एक डबा तिरपा बांधून सोडला आणि सातव्या गाठीला ढिली पडल्यावर दोरी इकडून तिकडून खरवडल्यासारखी हलवली. वर ओढताना डबा जड लागला. काजळी निघाली तर, असं म्हणत त्यानं तो कठड्यावर घेतला.

डब्यात ज्वारी होती.

पांढरीशुभ्र, टपोरी. खडा नाही, कोंडा नाही, काजळीचा कण नाही. सुपात पाखडून, हातानं निवडून ठेवावी तशी. उंदीर दाणे साठवतात हे त्याला ठाऊक होतं. पण निवडून साठवणारा उंदीर त्यानं पाहिला नव्हता. त्यानं एक दाणा दाताखाली फोडला. दाणा यंदाचा होता.

हे कुणाला तरी दाखवावं म्हणून तो डबा घेऊन खाली उतरला. ओट्यावर डबा ठेवून हातपाय धुवायला गेला, शिदोरी सोडून भाकर खाल्ली, आणि परत आला तर डबा घासून पुसून शिडीपाशी ठेवलेला. ज्वारी नव्हती. तळाशी मऊ कापडाची एक घडी होती.

सुभद्राबाई खिडकीतून म्हणाल्या, "डबा भरला बरं भाऊ. रिकामा कसा पाठवाव?"

शालिग्रामचं अर्धं लक्ष आभाळाकडं होतं. पाऊस आला तर नळी बसायची राहील. त्याला वाटलं, काजळी पुसायला फडकं दिलंय बाईनं. ज्वारीचं काय झालं हे विचारायचं त्याच्या मनात होतं, पण थोरामोठ्यांच्या घरात पसाभर ज्वारीचा हिशेब कुठं विचारायचा? तो वर गेला. घडी तशीच ठेवून त्यानं डबा सोडला, म्हणजे कापडानं कट्टा पुसलाही जाईल.

या वेळी सातव्या गाठीला दोरी ढिली पडली आणि मग, अगदी हलकेच, एकदा ओढली गेली. विहिरीवर पोहरा भरला की खालचा माणूस खुणेला ओढतो तशी.

त्यानं डबा वर घेतला. कापड नव्हतं. तळाशी काळ्या-पांढऱ्या मण्यांची मनगटी पडली होती, तान्ह्या लेकराच्या हातात घालतात तेवढी.

कापडातून पडली असेल, कापड गेलं आणि ही राहिली. सरळ होतं. तो लगेच खाली आला. "वयनी, हे डब्यात होतं."

सुभद्राबाईंचा चेहरा उजळला. "अगं माय! एवढ्यात हेबी? केवढी हौस म्हनाव!" आणि मनगटी कपाळाला लावून त्या आत गेल्या. त्यांची वस्तू त्यांना मिळाली, असं समजून शालिग्राम शिडी चढला. आतून पंचफुलाचं हसू ऐकू आलं. "मायबाई, कशी बेतून केल्यासारखी बसली वं हाताले!"

४

दुसऱ्या दिवशी नळी उतरवायला घेतली. एक तुकडा सोडायचा, त्यावर दुसरा बसवायचा, रिव्हेट ठोकायचे, सांध्याला लांबी, खडू-तेलाचा लगदा, थापायची, की पुढचा.

सातव्या तुकड्याला खालचं टोक गोजरबाईच्या हाती लागायला हवं होतं. नाही लागलं. आणि कट्टा? कट्टाबिट्टा काही लागलाच नाही. नळी सरळ जात राहिली, जणू आत आडवं असं कधी काही नव्हतंच. मग काल दिवा कशावर टेकला होता, हा प्रश्न शालिग्रामच्या मनात आला. त्यानं तो तिथंच सोडला आणि आठवा तुकडा उचलला.

आठवा गेला. गोजरबाई खालून शिव्या घालत होती. नववा पुरता गेल्यावर ती ओरडली, "आला! आला! थांब!"

सत्तावीस फूट.

त्यानं पुन्हा बाहेरून भिंत मोजली. पायथ्याला दगड बांधून, दोरी ताणून. एकवीस. बाहेरून एकवीस आणि आतून सत्तावीस. धुराडं आत कुठं वाकडं असेल, पण वाकड्यातून पत्र्याची सरळ नळी उतरत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?  सहा फूट कुठून आले? एक माणूस आडवा झोपला तर लागते तेवढी जागा. त्याला भीती वाटली. आणि पन्नाशीच्या माणसाला भर दुपारी भीती वाटते याची लाजही वाटली.

पण काम तर करायचं होतं. खाली पंचफुला कान बांधून खोलीत कण्हत होती, अंगणात ओली लाकडं धुमसत होती. सोयर-बियर बाजूला ठेवून सुभद्राबाईंनी त्याला पाच मिनिटांपुरतं न्हाणीघरात येऊ दिलं, गोमूत्र शिंपडून. त्यानं बंब जोडला, पेटवला आणि अखेर ती राहिलेली विडी ओढली. धूर सरळ नळीकडं गेला. इतका सरळ आणि इतका झटकन, की कुणीतरी तोंड लावून ओढतंय असं वाटावं.

"झाक ओढून राह्यलं," तो म्हणाला. "पण गोजरबाई, एक खिडकी उघडी ठेवत जा. बंबाले बाहेरची हवा लागते."

गोजरबाई तेव्हा खिडकीच्या फटींत सरकी काढलेला कापूस बोटानं चेपत होती. बाळंतिणीच्या खोलीचं एकही भोक तिनं सोडलं नव्हतं. "अन् वारा लागला पोरीले, तं तू येशील काय भोगाले? दोन लेकरं वाऱ्यानंच गेली तिची. गप बस."

शालिग्राम गप्प बसला. बायकांच्या शास्त्रात पुरुषानं किती बोलायचं? पुढं आयुष्यभर त्याला हे गप्प बसणं टोचत राहिलं.

५

तिसऱ्या दिवशी सकाळी नळीच्या डोक्यावर पावसाची टोपी बसवायला तो छतावर गेला. खाली बंब चालू होता. पाण्याची धार, गोजरबाईचं पुटपुटणं, बाळाचं कुरकुरणं, सगळं खालून येत होतं. पाय पसरून, बाळाला पायांवर पालथं घेऊन ती न्हाऊ घालत असणार.

टोपी लावण्याआधी त्यानं सवयीनं नळीच्या तोंडावर तळहात धरला. चटका बसायला हवा होता.

नळी गार होती. आणि तळहात आत ओढला जात होता.

त्यानं हात सोडवला. तळव्यावर नळीचा गोल वळ उठला होता. वरची हवा खाली चालली होती, म्हणजे बंबाचा धूर... त्यानं कान दिला. पाण्याची धार चालूच होती. पुटपुटणं बंद झालं होतं. कुरकुर बंद झाली होती.

"गोजरबाई!"

शिडीच्या खालच्या पाच पायऱ्यांवरून त्यानं उडीच मारली. सुभद्राबाई "अवो, सोयर!" म्हणत आडव्या आल्या, त्यांना त्यानं बाजूला सारलं. दाराला आतून कडी. दुसऱ्या लाथेला बिजागरी निघाली.

आत वाफ होती आणि जड, उबट हवा. गोजरबाई भिंतीला टेकून झोपल्यासारखी बसली होती. पसरलेल्या पायांवर बाळ. बादली भरून पाणी वाहत होतं. बंबातली ज्योत पिवळी, उंच, अगदी स्थिर. त्यानं किल्ली बंद केली, बाळ उचललं आणि दुसऱ्या हातानं म्हातारीला बखोटीला धरून ओढलं. सुभद्राबाईंनी तिचे पाय धरले.

अंगणात पंचफुला धावत आली. डोक्याचा फडका सुटलेला, अनवाणी. "काका, माह्या लेकराले काय झालं? काऊन हालत नाई थे? काका!"

बाळाचे गाल लालबुंद होते, फार सुंदर दिसत होते, आणि मान लुळी होती. शालिग्रामनं तळपायांवर टिचक्या मारल्या. तोंडात फुंकर घातली. पाठ चोळली. देवाचं नाव घ्यायलाही त्याला सुचेना. पंचफुला मातीत बसून नुसती "तिसरं, तिसरं" म्हणत होती.

आणि बाळ रडलं. खणखणीत, अंगण भरून. सुभद्राबाईंनी हंबरडा फोडला, पंचफुलानं कपाळ जमिनीला लावलं, गोजरबाईसुद्धा त्या आवाजानं डोळे उघडून ओकली.

बाळ शालिग्रामच्या हातात होतं. त्यानं तोंड उघडलं होतं, जीभ थरथरत होती, छाती वरखाली होत होती. पण आवाज त्याच्या पाठीमागून येत होता. न्हाणीघरातून.

६

गॅस डोक्यात गेला की माणसाला काहीबाही ऐकू येतं. हे शालिग्रामनं स्वतःला त्या दिवसात पंचवीस वेळा सांगितलं. डॉक्टर येऊन गेले. बाळ ठणठणीत आहे, दूध पितंय, रडतंय, अजून काय पाहिजे, असं म्हणाले आणि खिडक्यांतला सगळा कापूस उपटायला लावून गेले. खरंच होतं. खिडक्या बंद, हवा नाही, धूर उलटला. सगळं त्यात बसत होतं.

तरी नळी काढून पाहिल्याशिवाय त्याच्यानं राहवलं नाही. एकेक सांधा सोडवत तो तुकडे वर घेत गेला. चौथा नि पाचवा वेगळा केला तेव्हा हात थांबले.

नळीच्या मधोमध कापूस कोंबलेला होता. वरून बारा फुटांवर, खालून पंधरा फुटांवर, जिथं हात पोहोचत नाही तिथं. स्वच्छ, सरकी काढलेला, बोटानं चेपून चेपून बसवलेला. वारा लागू नये म्हणून बसवतात तसाच.

तो कापूस घेऊन खाली आला. सुभद्राबाई ओट्यावर बसल्या होत्या, दोन दिवसांत दहा वर्षांनी थकलेल्या.

"वयनी, परवाच्या दिशी डब्यात कापड काऊन दिलं होतं तुमी?"

"कापड कायचं? नातवाचं उतरलेलं अंगडं होतं थे. तुमच्या सुनेसाठी. धष्टपुष्ट लेकराचं अंगडं घातलं का येणारं लेकरू सुखरूप येते. तुमच्या घरून बाळंतिणीले जवारी आली, तं डबा रिकामा कसा द्याव? मंग तिनं मनगटी पाठवली—"

"माह्या घरून?"

"हाव."

"वयनी, माह्या घरी कोन हाये पाठवाले? सून माहेरी गेली, खामगावले, दिवाळीपासून. बायको जाऊन सहा वर्सं झाली. मी कुलूप लावून आलो."

सुभद्राबाई उठल्या, आत गेल्या. कात्रीचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी मूठ उघडली आणि मणी लांब, कुंपणापलीकडं भिरकावले.

"अन् अंगडं?" त्यांनी विचारलं.

शालिग्रामनं धुराड्याकडं पाहिलं. माणुसकीनं भरून दिलेला डबा होता तो. त्यात कुणाची काय चूक होती?

आत खोलीत बाळ भुकेनं रडू लागलं. दोघांनीही एकदमच न्हाणीघराकडं मान वळवली.

७

पुढं दीड महिन्यानं हिंमतरावांचं कार्ड आलं. बंब विकून टाकला, आता ते धुराडं खालून विटांनी बंद करून जा. शालिग्राम गेला. नसता गेला तरी चाललं असतं, गवंडी काय जळगावात नव्हते? पण ते लेकरू त्याला रोज आठवत होतं.

हिंमतराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते. "मिस्त्री, या बंगल्यात आवाज घुमते. लेकरू रडते पाळण्यात अन् आयकू येते न्हाणीतून. बारशाले पाहुणे आले, थे कुजबुज करून राह्यले. माही बायको तिकडं जातबी नाई आता. बुजवून टाका एकदाचं."

सोयर केव्हाच फिटलं होतं. शालिग्राम न्हाणीघरात बसला, चुना कालवला, पहिला थर लावला. पलीकडच्या खोलीत पंचफुला होती, पाळण्याची कुरकुर ऐकू येत होती. दुसरा थर लावताना रडणं सुरू झालं. त्याच्या तोंडासमोर, काळ्या पोकळीतून, बाळाचं रडणं. त्यानं मान खाली घातली आणि हात चालवला. तिसरा थर. चौथा. प्रत्येक थराबरोबर आवाज बारीक होत गेला. शेवटच्या दोन विटा बसवल्या, थापीनं चुना सारखा केला, आणि सगळं शांत झालं.

किती बरं वाटलं त्याला! खांद्यावरचं मणाचं ओझं उतरावं तसं. झालं, संपलं. तो हात धुवायला निघाला आणि जाता जाता खोलीच्या दारात थबकला.

पंचफुला दाराकडं तोंड करून, पाळण्याला पाठ देऊन, वाती वळत बसली होती. चेहरा निवांत. "झोपलं वाटते, काका," ती हळूच म्हणाली. "आज किती दिवसानं घरात शांत वाटून राह्यलं."

तिच्या मागं पाळण्यात बाळ रडत होतं.

तोंड पुरतं उघडलेलं, डोळे घट्ट मिटलेले, कपाळाची शीर फुगलेली. मुठी वळून ते पाय झाडत होतं, जीव खाऊन रडत होतं, आणि त्याचा एवढासुद्धा आवाज येत नव्हता.

"बाई," शालिग्राम म्हणाला. "बाई, लेकरू..."

"हळू बोला, काका. उठल थे."

तो मागं फिरला. चुना ओला होता. नखं खुपसून त्यानं वरची एक वीट ओढली, मग तिच्या शेजारची. रडणं पुन्हा येईल, ही उठेल, लेकराला पाजेल, मग कार्डातल्या कामाचं काय ते बघू. त्यानं दोन विटांच्या भोकाला कान लावला.

रडणं आलं नाही. आत कुणीतरी थोपटत होतं. थप, थप, थप, संथ, आणि प्रत्येक थापेबरोबर काच किणकिणत होती. त्यानं डोळा लावला. अंधारात कोपरापर्यंतचा एक हात होता, बाळंतिणीच्या हिरव्या बांगड्यांनी भरलेला, खाली-वर होणारा. ज्याला थोपटत होता ते भोकातून दिसत नव्हतं. फक्त अंगड्याची बाही दिसत होती.

थप, थप. मग सावकाश. मग थांबला.

शालिग्राम खोलीच्या दारापर्यंत कसा आला ते त्याला कळलं नाही. पाळण्यातलं बाळ गप्प झालं होतं. तोंड मिटलेलं, श्वास सारखा. गाल भिंतीकडं वळवून ते गाढ झोपलं होतं.

पंचफुलानं मान वळवून एकदा पाहिलं आणि हसली. "पाह्यलं? मी म्हटलं नोतं, झोपलं म्हून?"

अंगणातून हिंमतरावांनी हाक मारली. "मिस्त्री, झालं काय बंद?"

शालिग्रामच्या दोन्ही हातांत एकेक वीट होती. हो म्हणावं की नाही, ते त्याला सुचेना.